पुठ्ठ्याआडचा राग: 'दरबार'च्या मैफली, नौपाड्यातून

आमच्या घरी गाणं ऐकायचा एक नियम आहे. रागाचं नाव आधी सांगायचं नाही. नाना, म्हणजे माझे सासरे, वय ८६, डोळे मिटून बसतात, दोन-चार आवर्तनं ऐकतात आणि मग निकाल देतात. आकाशवाणीचा अखिल भारतीय संगीत कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, तेव्हा ते शाळेत होते. पुढे शनिवारी रात्री तो ऐकायचं वेड लागलं, तर निवेदन कानावर पडू नये म्हणून रेडिओ मुद्दाम दोन मिनिटं उशिरा लावायचे. (सासूबाईंची साक्ष आहे.)

आता गुडघे गेले. ठाण्याची तलावपाळी घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण तिथल्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या पायऱ्या त्यांना हिमालय झाल्यात. म्हणून भाच्याने टीव्हीवर यूट्यूब जोडून दिलं आणि त्यातून आम्हाला 'दरबार' या शास्त्रीय संगीत महोत्सवाचं चॅनेल सापडलं. सहा महिने रोज ऐकतोय, तेव्हा दोन शब्द लिहायला हरकत नाही.

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात गुरमीतसिंग विर्दी हे तबल्याचे गुरुजी होते. त्यांच्या स्मरणार्थ मुलाने, संदीप विर्दींनी, २००६ मध्ये हा महोत्सव सुरू केला. पुढे तो लंडनला गेला, आधी साउथबँक सेंटर, मग बार्बिकन. सुरुवातीच्या मैफलींच्या सीडी लेस्टरच्याच 'सेन्स वर्ल्ड म्युझिक' या छोट्या स्वतंत्र लेबलने काढल्या. पुण्यात अलूरकरांनी कॅसेटच्या दिवसांत शास्त्रीय संगीताच्या कॅसेट काढून जे केलं, त्याच जातीचं हे काम. शिवाय या मैफली 'स्काय आर्ट्स' या तिथल्या वाहिनीवर दाखवल्या गेल्या. ती वाहिनी ठाण्यात दिसत नाही, पण टीव्हीसाठी केलेल्या चित्रीकरणाची सफाई यूट्यूबवरही कळते.

कशी, ते सांगते. आम्ही पहिल्यांदा लावलं ते उल्हास कशाळकरांचं गाणं, तबल्याला सुरेश तळवलकर. कॅमेरा उगाच इकडेतिकडे पळत नाही. समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, जाताना गवयाच्या चेहऱ्यावर, ठेका चालू असताना बायाँवर (डग्ग्यावर) फिरणाऱ्या तळव्यावर, मध्येच मागे तानपुरा छेडणाऱ्या बोटांवर. मी चाळीस वर्षं मैफलींना जातेय, पण बाराव्या-पंधराव्या रांगेतून मला तळवलकरांचा तळवा कधी दिसला नव्हता. ठेक्यातच केवढं काम असतं ते आता समजलं, आणि थोडी लाजही वाटली.

आवाजाबद्दल मात्र जरा जास्त लिहायला हवं. तानपुरा ऐकू येतो! हसू नका. एका मोठ्या कंपनीचा जुन्या ध्वनिमुद्रणांचा 'स्वच्छ केलेला' संच मी हौसेनं घेतला होता. त्यात खरखर काढताना जवारीच, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांची गुंजच, काढून टाकली होती. गवई विहिरीत एकटा उभा राहून गातोय असं वाटायचं. इथे दोन तानपुरे सुरुवातीपासून शेवटपर्यंत खोलीभर असतात, आणि गाणं सुरू होण्याआधीची शांतताही कापलेली नसते. फक्त टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकू नका, बायाँ पार गायब होतो. आम्ही एक साधा साउंडबार घेतला, नानांचं श्रवणयंत्रही त्याच्याशी जमवून घेतंय.

तर ते कशाळकर. नाना मध्येच डोळे उघडून म्हणाले, "अगं, ही तान रामभाऊंची." बरोबरच आहे. कशाळकर रामभाऊ मराठ्यांकडे शिकले आणि गजाननबुवा जोशींकडेही. ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा, तिन्हींची तालीम. रामभाऊ आमच्या ठाण्याचे, नानांनी त्यांना समोर बसून ऐकलंय. लंडनच्या रंगमंचावरची तान नौपाड्याच्या हॉलमध्ये अशी ओळखीची निघाली.

आणि तेवढ्यात व्हिडिओ संपला.

"बंद का केलंस?" नाना. मी काहीच केलं नव्हतं. यूट्यूबवर बहुतेक वेळा मैफलीचा तुकडाच असतो, पूर्ण मैफल त्यांच्या वर्गणीच्या सेवेवर. किती मिनिटांचा आहे ते आधी बघणं माझं काम होतं. तरीही माझं मत असं की संथ लयीतल्या विलंबित ख्यालाला दहा मिनिटं म्हणजे पंगतीला बसवून मीठ-लिंबू वाढायचं आणि उठवायचं. वाद्यसंगीत, तबला सोलो, कर्नाटक संगीताचे छोटे तुकडे या मापात छान बसतात. ख्यालवाल्यांनी मात्र सरळ वर्गणीच भरावी. मी पुढच्या पेन्शनची वाट बघतेय.

दुसरी गोष्ट, खाली वर्णनात राग, थाट (रागाचं मूळ स्वरकुटुंब), समय (राग गायची वेळ), ताल सगळं लिहिलेलं असतं. नव्याने ऐकणाऱ्यांना फार उपयोगाचं. शेजारची बारावीतली मुलगी त्यावरून वही भरतेय. समयाचं तर त्यांना खरंच अप्रूप आहे, सकाळचे राग ऐकवायला ते सकाळी मैफल ठेवतात. आमच्याकडे तोडीसारखा सकाळचा राग सभागृहात ऐकायचा म्हणजे दिवाळी पहाटेची वाट बघा, आणि ती रामभाऊंच्या गावात राम मारुती रोडवरच्या ढोल-डीजेतून वाट काढत गाठा.

पण आमच्या घरी त्या रागाच्या नावानेच घोटाळा होतो. व्हिडिओ लावायच्या आधीच ते पडद्यावर ठळक दिसतं. पहिल्या दिवशी मी टीव्हीसमोर आडवी उभी राहिले. नानांनी राग कुठला सांगितला आणि निघाला कुठला, ते इथे लिहीत नाही, मला या घरात राहायचंय.

आता मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ठेवलाय. नाव येतं तिथे धरायचा आणि सूर लागला की काढायचा. येत्या रविवारी सकाळी साडेसातला बसायचं ठरलंय. कुकर त्याआधी लावून घेणार.