दोन रकाने की अंदाजाची वही?

नोकरी बदलावी का, घर कोठे घ्यावे, असा निर्णय कागदावर मांडूनच घ्यायचा असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. फायद्या-तोट्यांचे दोन रकाने सर्वांच्या परिचयाचे आहेत. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ मध्ये, नव्या नोकरीच्या पेचात असलेल्या इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांना पत्रातून हीच रीत कळवली होती. रकाने तीन-चार दिवस सावकाश भरावेत आणि सारख्या वजनाची कारणे समोरासमोर खोडीत जावे, असे त्यांचे सांगणे होते. दुसरी वाट व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी पुरस्कारलेली: निर्णय घेताना पुढे काय घडेल असे वाटते ते लिहून ठेवायचे आणि नऊ किंवा बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून पाहायचे.

सांगलीत गावभागातले तळमजल्याचे घर घ्यावे की विश्रामबागेतले, हे २०१४ मध्ये मी रकान्यांवर ठरवले. तो कागद माळ्यावरच्या फायलीत असल्यामुळे वाचला. त्यात तोट्यांच्या बाजूला ‘पूर’ हा शब्द स्वच्छ अक्षरात आहे आणि ‘मंडई जवळ’ व ‘आईला गणपतीला चालत जाता येईल’ या दोहोंच्या बदल्यात तो खोडलेला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. घरातला गाळ काढून झाल्यावर मी तो कागद पुन्हा पाहिला, तेव्हा त्या खोडलेल्या शब्दावरून मला काहीच उलगडेना. २००५ सारखे पाणी पुन्हा येणार नाही असे मी धरून चाललो होतो, की आले तर सोसू असा माझा हिशेब होता? पत्नीच्या मते पहिले, माझ्या आठवणीप्रमाणे दुसरे. आणि माझी आठवण मला सोयीची आहे, हे मान्य करायला हवे. चुकला तो अंदाज की मी त्याला दिलेले वजन, हे रकान्यांनी सांगितले नाही, आणि मला तेच फार खुपले.

पुढच्या वर्षी विश्रामबागेत जाताना मी वहीत लिहिले: आईला निदान सहा महिने करमणार नाही, मला मात्र स्कूटरच्या फेऱ्यांचे काही वाटणार नाही. आई पंधरा दिवसांत भजनी मंडळात रुळली, स्कूटरला कंटाळलो तो मी. नंतरच्या दोन नोंदींतही हाच प्रकार निघाला. दुसऱ्यांचा त्रास मी फुगवून धरतो आणि स्वतःचा कमी धरतो, हे पन्नाशीपर्यंत मला ठाऊक नव्हते.

अर्थात उद्या सकाळी होकार कळवायचा असेल, किंवा घरातल्या चौघांची मते एकत्र मांडायची असतील, तर रकानेच बरे. वहीला वर्षभर थांबावे लागते आणि जुन्या पानावरचा आपलाच आत्मविश्वास वाचताना ओशाळल्यासारखे होते. तरीही माझा कल वहीकडे आहे. रकानेच आखायचे असतील, तर त्यांच्याखाली तारीख घालून आपल्या अंदाजाची एक ओळ तरी लिहावी. आणि ‘पूर’ लिहिणार असाल, तर किती फुटांचा, तेही.