द्राक्षाची बिअर प्यायलो, बिल मात्र वाईनचं

नागपुरात वर्धा रोडच्या एका मायक्रोब्रुअरीत (स्वतःची बिअर तिथेच बनवणारा बार) सध्या ग्रेप एल, म्हणजे द्राक्ष घालून केलेली बिअर, आलीये, नाव टाकत नाही कारण बाकी जागा चांगली आहे आणि माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. मेनूत ही एल वाईनच्या कॉलममध्ये टाकलीये, दांडीच्या ग्लासात १५० मिली येते, ४२० रुपये. त्यांचीच गव्हाची बिअर ३३० मिली साडेतीनशेला. वेटरला विचारलं हे नेमकं आहे काय भाऊ, तर म्हणे सर वाईन आणि बिअर मिक्स करून देतो. आता तयार बिअरमध्ये तयार वाईन ओतली तर ते कॉकटेल झालं ना राजेहो, त्याला ब्रुअरी काहून पाहिजे?

सुदैवाने ब्रुअर पोरगा तिथेच होता आणि बोलका निघाला. त्याने सांगितलं की आधी नेहमीसारखाच बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) गरम पाण्यात ६५ डिग्रीच्या आसपास भिजवतो, स्टार्चची साखर होते, मग हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) टाकून उकळतो, थंड करून यीस्ट सोडतो, आणि फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, जोरात आलं की नाशिकच्या शिराझ या वाईनच्या द्राक्षांचा रस सालांसकट टाकीत जातो. साखरेचा दोन तृतीयांश हिस्सा माल्टचा, बाकी द्राक्षाचा. म्हणजे दोन्ही साखरा एकाच टाकीत एकाच यीस्टने खाल्ल्या. माझ्या मते विषय तिथेच संपला, ही बिअर आहे. द्राक्षात साखर आयती असते, ठेचून ठेवलं तरी आंबायला लागते, धान्याला मात्र आधी एन्झाइमने स्टार्च फोडावा लागतो, आणि बिअरवाल्याची खरी मेहनत तीच. म्हणूनच जपानी साकेला लोक राईस वाईन म्हणत असले तरी ती मला बिअरच्याच खानदानातली वाटते, तांदळाचा स्टार्च आहे, फक्त तिथे माल्टऐवजी कोजी बुरशी ते काम करते.

हा प्रकार काही नवा नाही. तुर्कस्तानात गोर्डियनला १९५७ मध्ये एक मोठं थडगं उघडलं, मिडास राजाच्या घराण्याचं म्हणतात, त्यातल्या भांड्यांना चिकटलेला गाळ पुढे प्राचीन पेयांचे अभ्यासक पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी तपासला तर द्राक्ष, बार्ली आणि मध तिन्ही सापडले. त्यावरून अमेरिकेतल्या डॉगफिश हेड ब्रुअरीने १९९९ मध्ये मिडास टच नावाची बिअर काढली. ब्रसेल्सची कांतियों ब्रुअरी लॅम्बिकमध्ये (हवेतल्या जंगली यीस्टने आंबवलेली आंबट बिअर) मर्लो आणि काबर्ने फ्रांक ही द्राक्षं टाकून सेंट लॅमव्हिनस करते. इटलीवाल्यांनी तर इटालियन ग्रेप एल अशी स्टाइलच उभी केली. उलट बव्हेरियाच्या १५१६ च्या नियमात पाणी, बार्ली, हॉप्स एवढंच, त्या हिशोबाने आपली ग्रेप एल बादच. पण त्या हिशोबाने सगळ्यांची आवडती गव्हाची बिअरपण बाद होते, त्यामुळे तो नियम कोणी तोंडावर फेकला तर मी फार मनावर घेत नाही. जपानचा कायदा मला जास्त पटतो, तिथे बिअर म्हणायला माल्ट किमान किती टक्के लागेल ते ठरलेलंय, आधी ६७ होतं, २०१८ मध्ये ५० केलं आणि माल्टच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत फळं टाकायलाही मोकळीक दिली. फळांच्या त्या मर्यादेत आपली एल बसत नाही, पण मला पटतो तो माल्टचा भाग, अर्ध्याच्या वर धान्य, बात खतम.

हां, याच मायक्रोब्रुअरीच्या ऑरेंज विटबद्दल (संत्र्याची साल घातलेली बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर) कोणी विचारत नाही की ही बिअर आहे का. कारण तिथे संत्र्याची साल नुसती वासाला असते, कोथिंबिरीचे धणे पण असतात, साखर सगळी धान्याचीच. आपल्या संत्र्याची साल सुटी आणि तेलकट, वास छान उतरतो, ती नक्की घ्या.

आता चवीचं. रंग फिका जांभळा, फेस गुलाबी आणि लवकर बसतो. पहिल्या घोटात जांभळासारखा तुरटपणा, मग ब्रेडसारखी माल्टची चव, शेवट एकदम कोरडा. द्राक्षाची साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकते, मागे गोडवा राहत नाही, म्हणून अंगाने पातळ लागते, बिअर जड लागते म्हणणाऱ्यांना हीच आवडेल. आंबटपणा द्राक्षातल्या टार्टारिक ॲसिडचा, स्वच्छ आहे, व्हिनेगरकडे जात नाही. बोर्डवर ७.२ टक्के लिहिलंय, आपल्याकडे स्ट्रॉंग बिअर ८ पर्यंत चालते, म्हणजे त्या हिशोबानेही ती बिअरमध्येच बसते, वाईनच्या रांगेत काय करून राहिली कोण जाणे.

सोबत सावजी विंग्स मागवले आणि इथे ही एल खरी चमकली. कडू आयपीए (भरपूर हॉप्सवाली बिअर) तिखटासोबत घेतली की जाळ वाढतो, तुरट रेड वाईनचंही तेच, पण हिच्यात हॉप्स नावापुरते आणि गॅस भरपूर, तोंड धुवून निघतं. विंग्सचा मसाला जरा कच्चा होता, खडा मसाला भाजायचा कंटाळा केलेला कळत होता, पण तिखटाची हिंमत दाखवली हे खरं. मावसभाऊ सोबत होता, तो किंगफिशर सोडून दुसरं काही पीत नाही, त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला सर्बतात गॅस सोडलाय. त्याचं ऐकू नका.

फक्त सर्व्हिंग चुकतंय. १५० मिली म्हणजे विंग्सची पहिली प्लेट अर्धी व्हायच्या आत ग्लास रिकामा, आणि खोलीच्या तापमानाला आणून देतात, मे महिन्यात नागपुरात खोलीचं तापमान! मी दुसरा राउंड मागताना ब्रुअरलाच म्हटलं थंड दे आणि बिअरच्या ग्लासात दे, तर त्याने ३३० मिली दिली आणि बिलात दोन वाईन लावल्या, ८४० रुपये. मॅनेजर म्हणे सिस्टिममध्ये तसंच फीड आहे. बिअर म्हणून ४०० ला ठेवली असती तर मी दर शनिवारी तिथेच दिसलो असतो.

वाईनची द्राक्षं मार्चपर्यंत संपतात त्यामुळे ही एकच बॅच आहे म्हणे, जायच्या आधी फोन करून विचारा टाकीत उरलीये का, आणि ऑर्डर देतानाच सांगा थंड पाहिजे म्हणून. विंग्स घ्या, पिझ्झा नका घेऊ.