खानदेशच्या उन्हाळ्यात उतरलेले ‘स्पा’ न्हाणीघर: दिवाळी ते पावसाळा वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही जळगावातल्या घराचे जुने न्हाणीघर पूर्ण फोडून नव्याने बांधून घेतले. हॉटेलातल्या स्पासारखी निवांत जागा घरातच असावी, एवढाच हेतू होता. हिवाळा, उन्हाळा आणि निम्मा पावसाळा काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आपल्या भागात अशा जागेचे सुख फरशी, दिवे आणि काच यांपेक्षा पाण्याची जात, त्याचा दाब आणि त्याचे तापमान यांवर अधिक अवलंबून असते, आणि दुकानात मात्र या तिन्हींबद्दल आपणहून कोणी बोलत नाही.

सर्वांत आधी जड पाण्याविषयी. आमच्या बोअरच्या पाण्याचे एकूण काठिण्य तपासणीत लिटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या वर निघाले. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तरच ६०० पर्यंत सूट आहे. अशा पाण्याने साबणाला फेस येत नाही, अंग कोरडे पडते, गिझरच्या कॉइलवर थर चढतो आणि शॉवरची छिद्रे बुजू लागतात. म्हणून बाथटबचा विचार बाजूला ठेवून ते पैसे आम्ही सॉफ्टनरवर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्रावर, घातले. त्यातील रेझिन (बारीक कृत्रिम मणी) पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते व त्यांच्या जागी सोडियम सोडते. रेझिन भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे करावे लागते. संपूर्ण नूतनीकरणात अंगाला प्रत्यक्ष जाणवलेला सर्वांत मोठा फरक याच यंत्राचा आहे. अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. पाण्यातले एकूण क्षार सॉफ्टनरने फारसे कमी होत नाहीत, त्यामुळे काचेवर थेंब वाळले की डाग अजूनही पडतात. फक्त ते आता ओल्या फडक्याने निघतात, घासावे लागत नाहीत. यंत्र धुतल्यावर निघणारे खारट पाणी झाडांना घालू नये, यासाठी त्याची नळी थेट गटाराला जोडून घेतली.

दाबाचा हिशेब सोपा आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी शॉवरच्या तीन मीटर वर असेल तर हाती येतो फक्त ०.३ बार, आणि वरून पावसासारखे पाणी पाडणाऱ्या मोठ्या रेन शॉवरला तो पुरत नाही. प्रेशर पंप बसवल्यावर धार उत्तम पडते, पण असा शॉवर मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सहज घेतो. ज्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हा आकडा आधी घरातल्या सगळ्यांना ऐकवावा. आम्ही हँड शॉवरही घेतला आणि रोजच्या वापरात तोच अधिक असतो.

खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांत लागली. हिवाळ्यात गरम आणि गार पाणी आपोआप मिसळणाऱ्या थर्मोस्टॅटिक मिक्सरने मन जिंकले होते, कारण एकदा तापमान ठरवले की चटका नाही आणि गारठाही नाही. पण पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की गच्चीवरच्या टाकीतून ‘गार’ नळालाच दुपारी कढत पाणी येते, आणि मिक्सर पाणी मिसळू शकतो, गार करू शकत नाही. टाकीवर पत्र्याची सावली आणि उघड्या पाइपांना फोमचे आवरण केल्यावर सकाळचे पाणी सुसह्य झाले, दुपारचे नाही. त्यावर आईने सुचवलेला उपाय चालला: कोपऱ्यात मातीचा रांजण, त्यात रात्री भरलेले पाणी आणि वाळ्याची जुडी. कोरड्या हवेत रांजण झकास गार होतो, मात्र पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा उपयोग उरत नाही, आणि क्षारांनी त्याचे बाहेरचे अंग पांढरे पडत जाते. (उनपदेवला गरम झऱ्यावर अंघोळीला जाणाऱ्या आपल्या लोकांना मे महिन्यात गार पाणीच चैनीचे वाटावे, यात नवल नाही.)

बसायला कोटा दगडाचा ओटा केला आहे. त्यावर बसून अंग चोळणे, पाय धुणे, निवांत पाणी ओतून घेणे, सगळे सोयीचे होते, आणि शेजारच्या पकडदांड्यामुळे आईला उठताना आधार मिळतो. कोटा हा चुनखडीचा दगड असल्याने ॲसिडने खराब होतो. व्हिनेगरही ॲसिडच, म्हणून शॉवरची छिद्रे त्याने साफ करायची तर शॉवरचे तोंड काढून बाहेर न्यावे. जमिनीला खरखरीत टाइल्स आणि जाळीकडे नीट उतार आहे. वॉटरप्रूफिंगनंतर फरशी लावण्याआधी दोन दिवस पाणी साचवून ठेवावे, असा आग्रह आम्ही गवंड्यांकडे धरला. त्यांना तो वेळेचा अपव्यय वाटला, पण खालच्या खोलीचे छत अजून कोरडे आहे.

दिव्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही: २७०० ते ३००० केल्विनचा उबदार प्रकाश पुरे. एक्झॉस्ट फॅन मात्र अंघोळीनंतरही काही वेळ चालू ठेवावा लागतो. पावसाळ्यात तो लवकर बंद केला की छताच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात, म्हणून आता त्याला टायमर बसवून घेत आहोत.