पावती आठ मिलिमीटरची, तार सातची

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलाने जुन्या यॉटचे फोटो पाठवले. खाली एकच ओळ: "काका, इंजिन एकदम कडक आहे, घेऊ का?" माझ्या पोटात गोळाच आला. माझीही गाडी इंजिनापासूनच घसरली होती.

बावीस वर्षं मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये काढली. मे २०१० मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे 'म्हादेई' या शिडाच्या यॉटमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले, तेव्हापासून डोक्यात किडा: आपणही एकदा शिडावर समुद्र ओलांडायचा. ('म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर नवीकोरी बांधली होती. माझ्या खिशाला जुनीच झेपणार होती.) मलेशियात लंकावीला एक सापडली. छत्तीस फुटी, फायबरची, १९८३ची. बेत असा की जानेवारीत ईशान्येचा वारा धरून श्रीलंकेत गॉल गाठायचं, म्हणजे सुमारे साडेअकराशे सागरी मैल. तिथून कोची, मग गोवा.

मालक सत्तरीचा, गोडबोल्या. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, तुम्ही करता काय? मी भोळेपणाने सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर इंजिनाचं झाकण काढून ठेवलेलं, खाली स्वच्छ पांढरा कपडा, शेजारी तेलाच्या तपासणीचा रिपोर्ट आणि माझ्यासाठी चहा. दोन तास मी त्यातच रमलो. इंजेक्टर, हीट एक्स्चेंजर, एक्झॉस्टचा रंग, सगळं पाहिलं. इंजिन खरोखर उत्तम होतं, आजही आहे. पण त्या दोन तासांत मी मान वर करून डोलकाठीकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

वरच्या तारांचं काय, म्हणून विचारलं तर त्याने पावती काढली: २०१७, सगळं रिगिंग (डोलकाठीला धरणाऱ्या तारा) नवं, तार ८ मिलिमीटर. सर्व्हे, म्हणजे यॉटच्या तपासणीचा अहवालही तयारच होता, चौदा पानी, फोटोंसकट. "पुन्हा यॉट पाण्याबाहेर काढायचा खर्च कशाला करता?" एजंट म्हणाला. मलाही ते पटलं. ३१ हजार डॉलर मोजले आणि सर्व्हेचे काही शे वाचवल्याच्या आनंदात त्या रात्री मासे खाल्ले.

थायलंडमधल्या फुकेतच्या वाटेवर वारा वीस नॉटच्या वर गेला आणि डाव्या कपाटातली साखर भिजली. कपाटामागची फळी काढली, तर चेनप्लेटवरून तपकिरी ओघळ खाली आलेला. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा खाली ज्या पोलादी पट्टीला बांधतात, ती ही चेनप्लेट. डेकच्या वर ती आरशासारखी चमकत होती. पॉलिशच केलं होतं. बोल्ट सोडून ती बाहेर काढली, यार्डातल्या व्हाइसमध्ये धरली आणि हाताने वाकवली. चिक्कीसारखी कट्कन तुटली. तुटलेल्या तोंडावर चकाकी जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर, बाकी सगळं काळपट. स्टेनलेसला टिकायला हवा लागते. डेकच्या आरपार जाणारा भाग ओल्या सीलखाली वर्षानुवर्षं कोंडलेला राहिला की तो आतून चिरत जातो, आणि वरून काही दिसत नाही. भोवतीच्या डेकमधलं बाल्सा लाकूड तर भिजलेल्या पोह्यांसारखं बोटाने निघत होतं.

मग बॅगेतला व्हर्नियर, जाडी मोजायचं साधन, काढला. तो मी आणला होता इंजिनासाठी, हे लिहिताना अजूनही लाज वाटते. तारेला लावला. सात मिलिमीटर. पावती दुसऱ्याच कुठल्या तरी यॉटची होती. माझ्या तारांचं खरं वय कोणालाच ठाऊक नाही, आणि दहा-पंधरा वर्षांनी तार बदलतात.

सीकॉक, म्हणजे यॉटच्या तळातल्या भोकांवरचे व्हॉल्व्ह, 'ब्राँझचे' होते म्हणे. चाकूने खरवडल्यावर खाली गुलाबी रंग निघाला, म्हणजे पितळ, आणि त्यातलं जस्त समुद्राने खाऊन टाकलेलं. एकाचा दांडा तर माझ्या हातातच आला. पाणीरेषेखालचं भोक ते! भर समुद्रात, रात्री, हे झालं असतं तर?

वकिलाने सर्व्हे वाचला आणि नवव्या पानावर बोट ठेवलं: "चेनप्लेट फर्निचरमागे असल्याने तपासल्या नाहीत. डोलकाठीवर चढलो नाही." पहिल्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं, की हा अहवाल फक्त मालकाच्या विम्यासाठी आहे. करारात 'आहे त्या स्थितीत'. सर्व्हेत शब्दही खोटा नव्हता. खोटी होती ती पावती, आणि ती करारात कुठेच जोडलेली नव्हती. मालकाचा फोन तेव्हाच बंद झाला होता. एजंट म्हणाला, "तुम्ही तर स्वतः इंजिनियर."

तारा, चेनप्लेट, सीकॉक आणि डेक मिळून आतापर्यंत चौदा हजार डॉलर गेले. सुकाणू अजून उघडायचं आहे. वाऱ्याचा मोसम हुकला. यॉट यार्डात टेकूंवर उभी आहे आणि भाड्याचं मीटर चालू आहे.

त्या मुलाला मी कळवलं: इंजिन शेवटी बघ. सर्व्हेयर तू शोध, पैसे तूच दे, त्याला एजंटच्या गाडीतून येऊ देऊ नकोस. प्लास्टिकच्या हातोडीने डेक ठोकून बघ. टणक आवाज मेला, बद्द वाजलं, की आत पाणी. डोलकाठीवर रिगर, म्हणजे तारांचं काम करणारा कारागीर, चढव. कुठलीही पावती दाखवली तर तार मोज आणि पावती करारात जोडून घे. आणि आधी चेनप्लेटसमोरच्या फळ्या काढायला सांग.

काल त्याचं उत्तर आलं. मालक म्हणतो, फळ्या नाही काढता येणार, फर्निचर खराब होईल.