साखळी शाळेचं ‘कम्प्लीट किट’: आठवी ते दहावीसाठी काय घ्यावं, काय सोडावं

मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावांतही आता कंपन्यांनी चालवलेल्या साखळी शाळा आहेत आणि प्रवेशाच्या पावतीबरोबरच हातात पडते किटची चिठ्ठी. हे परीक्षण अशाच एका सीबीएसई शाळेच्या आठवी ते दहावीच्या किटचं आहे. किंमत ९,६०० रुपये. ‘प्रीमियम’ हवं तर आणखी २,१००. त्यात दोन शर्ट, दोन पँट किंवा स्कर्ट, हाउसचा (म्हणजे शाळेतल्या गटाच्या रंगाचा) टी-शर्ट, शनिवारचा पांढरा ट्रॅक, ब्लेझर, टाय, बेल्ट, मोजे, काळे आणि पांढरे बूट, दप्तर, डायरी आणि वह्या येतात. दुकान एकच, शाळेने ठरवून दिलेलं. सुटी वस्तू मागितली तर आधी ‘नाही’ म्हणतात. लेखी मागितली तर देतात.

शर्टाची शिलाई चांगली आहे. कॉलरचं बुकरम (आतलं कडक अस्तर) नीट चिकटवलेलं आहे, काजं दाट आहेत, मोनोग्राम छापलेला नसून भरलेला आहे. कापड मात्र पातळ. दुकानातच कापडाखाली छापील कागद धरून पाहा. अक्षरं वाचता आली तर घामाने भिजल्यावर हा शर्ट पारदर्शक होणार. मग मुलींना आतून शमीज घालावी लागते आणि एप्रिलच्या चाळीस अंशांत अंगावर दोन थर चढतात. बोअरच्या जड पाण्याने पांढरा शर्ट दोन-तीन महिन्यांत पिवळट-करडा पडतो, कारण साबणाच्या वडीचा त्या पाण्यातल्या चुन्याशी चिकट मळ तयार होतो. वडी बंद करून पावडर वापरा आणि शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर टाका.

पँटच्या बाबतीत किटने मुलांचं वयच लक्षात घेतलेलं नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मुलगा वर्षभरात सहा-आठ सेंटिमीटर सहज वाढतो आणि इथे पायाला आत मार्जिन जेमतेम एक सेंटिमीटर, तेही इंटरलॉक मारून कापलेलं. दिवाळीपर्यंत पँट घोट्याच्या वर जाते. वर्गात हसं होतं ते नेमकं याच गोष्टीवर. मुलगा बोलत नाही. पाय बाकाखाली ओढून बसतो किंवा पोट दुखतं म्हणून घरी राहतो. उपाय सोपा आहे: पँट दोन इंच लांब घ्या आणि शिंप्याकडून ती आत दुमडून हाताची तुरपाई घालून घ्या. उसवल्यावर जुन्या दुमडीची फिकट रेघ दिसते. व्हिनेगरच्या ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली की ती बरीच दबते.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे दुसरी जोडी बाहेर शिवणं. दुकानात थानाच्या किनारीवर गिरणीचं नाव आणि बहुधा शेड नंबरही छापलेला असतो. तो टिपून घ्या. लातूरच्या गंजगोलाईत, संभाजीनगरच्या गुलमंडीवर किंवा नांदेडच्या वजिराबादेत तोच नंबर मागा, नुसतं ‘राखाडी’ म्हणू नका. शेडमध्ये थोडाही फरक पडला तर प्रार्थनेच्या रांगेत तो लांबून कळतो आणि मूल ती पँट पुन्हा घालत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला ५८ इंची पन्ह्याचं कापड पँटला साधारण सव्वा मीटर पुरतं. मोनोग्राम सुटा घेऊन खिशावर शिवता येतो.

शनिवारचा पांढरा ट्रॅक हा या किटमधला सगळ्यात वाईट निर्णय आहे. सातवीच्या पुढच्या मुलीला पाळीच्या दिवसांत पांढरी पँट घालून मैदानावर उभं करायचं, हे ठरवणाऱ्याने एकदाही तिचा विचार केलेला नाही. डाग पडेल या धास्तीने मुली शनिवारी गैरहजर राहतात. गडद निळा किंवा काळा ट्रॅक चालावा म्हणून वर्गातल्या पालकांनी एकत्र अर्ज द्यावा. ही सवलत नाही, गरज आहे.

ब्लेझर घेऊ नका. पूर्ण पॉलिएस्टर, आतून अस्तर, आणि शाळा सुरू होते एप्रिलमध्ये. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या काही सकाळी सोडल्या तर त्याचं काम नाही. तिथे अर्ध्या बाह्यांचा स्वेटर पुरतो. काळ्या बुटांवर शाळेची कोणतीही खूण नाही, त्यामुळे ते किटमधून घेण्याचं कारणच नाही. रेक्झिन तापतं आणि बोटांच्या घडीवर चिरतं. नायलॉनचे मोजे काढून सुती घ्या, नाहीतर बोटांच्या बेचक्यात बुरशी ठरलेली.

आता दप्तर. इथे साध्या आणि प्रीमियम किटमधला फरक मुद्दाम दिसेल असा केला आहे. प्रीमियमवर उठावदार रबरी बिल्ला आणि चकाकती पट्टी, साध्यावर नुसतं छापील नाव. कापड तेच, चेनचा रनर तोच. बिल्ल्याने आणि जास्तीच्या कप्प्यांनी प्रीमियम रिकामंच तीनशे ग्रॅम जड झालं आहे. २०२०च्या स्कूल बॅग धोरणानुसार दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. ३८ किलोच्या मुलाला ३.८ किलो. त्यातलं जवळपास दीड किलो नुसतं दप्तरच खातं. पट्टे वरच्या जोडाला एकेरी शिलाईने बसवले आहेत, तिथेच ते सुटतात. चांभाराकडून चौकोन आणि आत फुली अशी शिलाई पहिल्याच आठवड्यात मारून घ्या.

गणवेशाचा हेतू मुलाला गर्दीत निर्धास्त उभं राहता यावं, हा होता. त्याच गणवेशात दोन दर्जे विकले की पहिल्या दिवशीच वर्गाला कळतं कोणाच्या घरी किती पैसे आहेत. नववीतल्या मुलाला बिल्ल्याचा मोह होतो असं म्हणून त्याला बोल लावू नये. मागे राहण्याची भीती त्या बिल्ल्यात घालूनच विकलेली आहे. आपल्या एकट्या मुलाला ‘नाही’ म्हणणं कठीण आहे, वर्गाच्या सगळ्या पालकांनी मिळून साधंच घेणं सोपं आहे. खरेदी झाल्यावर नाही, खरेदीच्या आधी हे ठरवा. यंदा कॉलरची पाइपिंग (कडेची बारीक पट्टी) निळ्याची मरून केली आहे, म्हणजे थोरल्या भावंडाचे धड शर्ट बाद. रंगबदलाची सूचना एक वर्ष आधी द्या, ही मागणीही पालक-शिक्षक संघात लेखी मांडा.

हाउसच्या टी-शर्टच्या पाठीवर नीट-जेईईच्या क्लासचं नाव आहे आणि शर्टाचे पैसे पालक देतात. जाहिरात ज्याची, खर्च त्याचा. तो शर्ट फुकट मिळायला हवा किंवा नाव जायला हवं. डायरीतही त्याच क्लासचा क्यूआर कोड आणि ‘टॅलेंट टेस्ट’चा फॉर्म आहे. केंद्राच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १६ वर्षांखालच्या मुलाला कोचिंगमध्ये प्रवेश देता येत नाही, मग आठवीच्या डायरीत हे पान कशाला? मोबाइल नंबरचा रकाना कोरा ठेवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती घेण्याची अट आहे.

वह्या बाहेरून घ्या. सप्टेंबर २०२५पासून वह्यांवर जीएसटी शून्य आहे. किटचं एकरकमी बिल घेतलं तर कोणत्या वस्तूवर काय लावलं ते कळतच नाही. वस्तूनिहाय बिल मागा. वह्या, गणवेश, बूट, दप्तर ठरावीक दुकानातूनच घेण्याची सक्ती करू नका, असं सीबीएसईने एप्रिल २०१७मध्येच शाळांना बजावलं आहे. सक्ती झाली तर शाळेला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. बिल नाकारलं किंवा माल खराब निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. अदलाबदल पंधरा दिवसांत, तीही टॅग असेल तरच. म्हणून धुण्याआधी पँटच्या आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल घासून पाहा. रंग लागला तर टॅग न कापता परत न्या.