चार पायांची काठी: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

अंगावरून वारं गेलेल्या माणसाला चालतं करताना फिजिओथेरपिस्ट बहुतेक वेळा पहिली काठी देतात ती चार पायांची. ॲल्युमिनियमचा दांडा, लोखंडी बैठक, उंचीचं बटण, हजाराच्या आतबाहेर किंमत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझं भांडण तिच्या पायातल्या रबरी बुचाशी आहे. ऐन श्रावणात चारातलं एक फाटलं आणि दुकानदाराचं उत्तर काय, तर "बुचं सुटी येत नाहीत, नवीन काठी घ्या." वीस-तीस रुपयांच्या रबरापायी अख्खी काठी भंगारात!

बूच खालून झिजून फुटतं असा समज आहे. खरं तर ते आतून कापलं जातं. बैठकीच्या पायाची नळी पोकळ असते, तिची कड धारदार. माणूस भार टाकेल तशी ती कड रबरात गोल खाच पाडत जाते. चांगल्या बुचात तळाशी लोखंडी वॉशर बसवलेला असतो, कड त्यावर टेकते. स्वस्त बुचात तो नसतो. घेताना बूच काढून आत बोट घालून बघा: धातू लागला तर ठीक, नुसतं रबर लागलं तर काठी परत ठेवा. बाहेरून ते शेवटपर्यंत धडधाकट दिसतं, हीच खरी भीती. एके दिवशी तळ निसटतो आणि उघडी नळी ओल्या लादीवर जाते.

सुटी बुचं मिळतात, पण माप बरोबर सांगावं लागतं. जुन्या बुचाचं माप निरुपयोगी, ते ताणलेलं असतं. नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मिलिमीटरमध्ये घ्या, कुठलाही लेथवाला मिनिटात घेऊन देतो. बैठकीची नळी मुख्य दांड्यापेक्षा बारीक असते, त्यामुळे एकपायी काठीचं १९ किंवा २२ मिलिमीटरचं बूच इथे ढिलं पडतं. हार्डवेअरवाला खुर्चीची प्लास्टिकची बुचं पुढे करील. घेऊ नका, पाण्यावर ती सरळ घसरतात. नवं बूच साबणाच्या पाण्याने ओलं करून पिळत चढवायचं. तेल लावायचं नाही, त्याने रबर फुगतं आणि बूच निघून येतं. आणि बदलायची ती चारही एकदम, नाहीतर एक पाय उंच राहून काठी डुलते.

मे महिन्यात या काठीला मी पाचपैकी पाच दिले असते. आता घरात साडेचार, अंगणात दोन.

घरातले साडेचार एकाच गोष्टीसाठी: ती सोडली तरी उभी राहते. ज्याचा एक हात लुळा आहे त्याला दाराची कडी काढायला, नळ सोडायला, लेंग्याची नाडी ओढायला तोच एक हात. एकपायी काठी तेवढ्यात खाली पडते आणि ती उचलायला वाकणं म्हणजे तोल जाण्याचं आमंत्रण.

अंगणात मात्र चार पाय हीच अडचण. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जांभ्याचा चिरा मुळात खड्डेखड्ड्यांचा, त्यात शेवाळ. चारातले तीनच पाय टेकतात, चौथा अधांतरी, आणि भार पडला की काठी खट्कन त्या बाजूला कलते. एकपायी काठीला रुंद, मऊ रबराचं बूच असेल तर या जमिनीवर ती बरी. अर्थात ज्याला उभ्याने तोल सांभाळता येतो त्यालाच, आणि बदल फिजिओला विचारून. शेवाळावर ब्लीचिंग पावडर आणि खराटा हे नेहमीचंच. कायमचं हवं असेल तर चालायच्या पट्ट्यात जांभा छिन्नीने टोचून खडबडीत करून घ्या. झावळ्या अंथरू नका, ओल्या पातीवर रबर धरत नाही.

पायऱ्यांवर रुंद बैठक नकोच. साधारण सहा बाय आठ इंचांची छोटी बैठक पायरीवर मावते. मोठी मावत नाही म्हणून लोक ती आडवी फिरवतात, मग बाहेर आलेले पाय आपल्याच पावलाच्या वाटेत येतात. बैठकीची सपाट बाजू नेहमी अंगाकडे. दुकानातून काठी बऱ्याचदा उलट्या हाताची जोडून येते, बटण दाबून दांडा अर्धा फिरवला की काम होतं. काठी चांगल्या हातात, दुखऱ्या बाजूला नाही. चढताना आधी चांगला पाय, मग काठी आणि दुबळा पाय. उतरताना काठी, दुबळा पाय, शेवटी चांगला. सोबतचा माणूस दुबळ्या बाजूला आणि कायम खालच्या पायरीवर. कठडा लावणार असाल तर दोन्ही बाजूंना लावा. चढताना उजवीकडे असलेला पाइप उतरताना डावीकडे येतो आणि डावा हातच गेलेला असेल तर तो नुसता शोभेला.

उंची: हात सैल सोडून उभं राहिल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ, म्हणजे धरल्यावर कोपर वीस-तीस अंश वाकतं. खारी हवा लागून बटणाची स्प्रिंग गंजते. अधूनमधून दांडा ओढून, पुसून, बटणाला किंचित व्हॅसलिन लावावं. रबराला तेही चालत नाही, बोट पुसून घ्या. मालिशचं तेल तळपायाला राहिलं तर कसलीच काठी उपयोगाची नाही, आधी पाय पुसा.

पावलाला लावायच्या प्लास्टिकच्या स्प्लिंटबद्दल थोडक्यात. पाऊल लोंबत असेल तर ती हवीच, पण आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत आणि नुसती स्प्लिंट लादीवर सुळकन सरकते. घरासाठी वेगळा, एक नंबर मोठा, मागून बंद बूट ठेवा. आत सुती मोजा. काढल्यावर उठलेला लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर ती घासतेय, दुरुस्त करून आणा.

काठीबरोबर दुकानदार दाराला टांगायची दोरी-पुली गळ्यात मारतात. ती घेऊ नका. लुळ्या हाताचा खांदा सैल असतो, चांगल्या हाताने दोरी ओढून तो वर खेचला की दुखणं वाढतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पक्षाघातावरच्या २०१६च्या मार्गदर्शनातही डोक्यावरच्या पुलीचा व्यायाम नको असंच आहे. त्या पैशात जादा बुचं येतील.

पेशंटचं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं, तर केंद्राच्या ॲडिप योजनेत काठी-वॉकरसारखी साधनं उत्पन्नाच्या अटीवर मिळतात. प्रमाणपत्राचं काम जिल्हा रुग्णालयात होतं. ती काठी हातात आली की तिथल्या तिथे बूच काढून वॉशर बघा.