नॅनोछिद्रात पाण्याऐवजी काय भरावं: ॲसिटोनायट्राइल की प्रॉपिलीन कार्बोनेट?

नॅनोछिद्र म्हणजे पातळ पटलातलं काही नॅनोमीटरचं भोक. दोन्ही बाजूंना मिठाचं द्रावण भरून विद्युतदाब दिला की आयन त्यातून जातात, आणि तो प्रवाह मोजतात. २० नॅनोमीटर जाडीचं सिलिकॉन नायट्राइडचं पटल आणि त्यात १० नॅनोमीटर व्यासाचं छिद्र घ्या. २५ अंश सेल्सिअसला, भिंतीवरचा भार नगण्य धरून, हिशेब साधारण असा येतो. पहिल्या ओळीत १ मोलार पोटॅशियम क्लोराइड आहे, उरलेल्या दोन्हींत १ मोलार टेट्राएथिलअमोनियम टेट्राफ्लुओरोबोरेट.

| द्रावक | डायइलेक्ट्रिक स्थिरांक | चिकटपणा (मिलिपास्कल-सेकंद) | छिद्राची वाहकता (नॅनोसीमेन्स) |
|---|---|---|---|
| पाणी | ७८ | ०.८९ | ३१ |
| ॲसिटोनायट्राइल | ३६ | ०.३४ | १६ |
| प्रॉपिलीन कार्बोनेट | ६५ | २.५ | ३.७ |

ॲसिटोनायट्राइल पाण्यापेक्षा पातळ, तरी वाहकता निम्मी. एक तर टेट्राएथिलअमोनियम मिठाचे आयन आकाराने मोठे. शिवाय डायइलेक्ट्रिक स्थिरांक (द्रावक विरुद्ध भारांमधलं आकर्षण किती पट कमी करतो, तो आकडा) कमी असल्याने धन-ऋण आयन जोड्या करून बसतात आणि अशी जोडी प्रवाहात भाग घेत नाही. प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये जोड्या कमी होतात, पण चिकटपणा सगळं खाऊन टाकतो. १०० मिलिव्होल्टला तिथे जेमतेम ०.३७ नॅनोअँपिअर मिळतो. त्यामुळे संवेदकाचा गोंगाट जास्त असेल तर निवड तिथेच संपते: ॲसिटोनायट्राइल.

खरा फरक मात्र भिंतीचा. पाण्यात भिंतीवरचे सिलॅनॉल किंवा कार्बॉक्सिल हे आम्लधर्मी गट प्रोटॉन सोडतात आणि भिंत ऋणभारित होते. ॲसिटिक आम्लाचा पीकेए (हा आकडा जितका मोठा, तितकं प्रोटॉन सोडणं कठीण) पाण्यात ४.७६, ॲसिटोनायट्राइलमध्ये २३च्या आसपास. म्हणजे पाण्यातला भार इथे गृहीत धरता येत नाही. लिथियम परक्लोरेट घातलेल्या प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये तर पीईटी या प्लास्टिकमधलं शंकूच्या आकाराचं छिद्र भिंत धनभारित असल्यासारखं वागू शकतं आणि रेक्टिफिकेशनची, म्हणजे एकाच बाजूला जास्त प्रवाह वाहण्याची, दिशा उलटते. द्रावकाच्या रेणूंचे द्विध्रुव भिंतीपाशी रांगेत लागतात आणि लिथियम तिथे चिकटतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. हा परिणामच अभ्यासायचा असेल तर प्रॉपिलीन कार्बोनेट घ्या.

दोन्हींत शत्रू एकच, ओल. ॲसिटोनायट्राइलमध्ये वजनाने १०० पीपीएम पाणी म्हणजे सुमारे ४.४ मिलिमोलार. तुमचं मीठ १० मिलिमोलार असेल तर हे पाणी किरकोळ नाही, आणि जलस्नेही भिंतीपाशी ते आणखी साठतं. ३ अँगस्ट्रॉमच्या सक्रिय केलेल्या आण्विक चाळण्यांवर द्रावक वाळवा, कार्ल फिशर पद्धतीने पाणी मोजा, मग ०.२ मायक्रॉनच्या टेफ्लॉन गाळणीतून गाळा. गाळणं टाळलंत तर चाळण्यांची पूड छिद्रात अडकते आणि ‘भिंतीचा परिणाम’ म्हणून मिरवते.

ॲसिटोनायट्राइल ८२ अंशांना उकळतं. उघड्या कक्षात ते उडत राहतं, मीठ दाट होतं, प्रवाह हळूहळू चढतो आणि छिद्र मोठं होतंय असं वाटतं. कक्ष झाका. प्रॉपिलीन कार्बोनेट २४२ अंशांना उकळतं, त्यामुळे तासन्‌तास मोजणी चालते. पण पीईटीत छिद्र कोरताना वापरलेलं सोडियम हायड्रॉक्साइड शिल्लक राहिलं तर ते द्रावकाचंच विघटन करतं.

सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड इथे भरवशाचे नाहीत. द्रावणात क्लोराइड असेल तर वरचा सिल्व्हर क्लोराइडचा थर त्याच्याशी संयुग बनवून विरघळतो. त्याऐवजी १० मिलिमोलार सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवलेली चांदीची तार वापरा. ती सच्छिद्र काचेच्या अडसरामागे, वेगळ्या कप्प्यात ठेवा, म्हणजे चांदीचे आयन छिद्रापर्यंत लवकर पोचत नाहीत. लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट ओलीत हायड्रोजन फ्लोराइड सोडतं, ते काच खातं. काचेच्या नॅनोपिपेटला (टोकाशी नॅनोछिद्र असलेल्या नळीला) ते मीठ नको. परक्लोरेट सुकवून तापवू नका, स्फोटाचा धोका असतो.

मिथेनॉल मधला पर्याय आहे, प्रोटॉन देणारा. पाण्याशी तुलना करायला बरा. डायमिथाइल कार्बोनेटचा स्थिरांक जेमतेम ३, तिथे बहुतेक आयन जोड्यांत अडकतात. सुरुवात त्याने करू नका.

द्रावक बदलताना क्रम पाळा: आधी शुद्ध पाण्याने अनेकदा धुणं, मग इथेनॉल, मग कोरडा द्रावक. पोटॅशियम क्लोराइड ॲसिटोनायट्राइलमध्ये जवळपास विरघळत नाही. राहिलेल्या मिठाचे स्फटिक छिद्र बुजवतात. मोजणी संपल्यावर उलट्या क्रमाने पाण्यात परत या आणि पुन्हा १ मोलार पोटॅशियम क्लोराइड भरा. वाहकता ३१च्या जवळ आली नाही, तर मधले आकडे वापरण्याआधी छिद्र बुजलंय की रुंदावलंय ते तपासा.